शुक्रवारची बस

ओतेंग सियाबेलो विद्यापीठात आला तो एका बैलाच्या मागून चालत.

त्या वर्षी मोशुपाच्या चावडीवर माणूस मावत नव्हता. तीन देशांनी मिळून चालवलेलं एक विद्यापीठ होतं. त्यातल्या एका देशानं अचानक आपल्या हद्दीतल्या इमारती, पुस्तकं, बाकडी, सगळं आपलंच म्हणून जाहीर केलं आणि आमची पोरं बोचकी घेऊन घरी परतली. आता राजधानीत, गॅबोरोनला, आपलं स्वतःचं उभारायचं, तर पैसा आणायचा कुठून? देश नवा, तिजोरी रिकामी. मग विनंती निघाली, की माणशी एक जनावर द्या. गुरं नसतील त्यानं शेळी द्यावी, शेळी नसेल तर ज्वारीचं पोतं, तेही नसेल तर अंडी. गावप्रमुखानं हे सांगितलं तेव्हा लोक आपापली जनावरं मनात मोजू लागले. मग एक म्हातारी उठली आणि शालीआडून कोंबडी काढून तिनं ती मधोमध ठेवली. कोंबडी ओरडली, लोक हसले, आणि त्यानंतर कुणाला 'नाही' म्हणता येईना.

ओतेंगच्या बापाकडे मोजकीच गुरं होती. त्यानं त्यातला तांबडा निवडला, औताचा, सगळ्यांत अंगापिंडानं भरलेला. ओतेंगच्या आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

"औताचा बैल दिलात तर नांगर काय मी ओढू?"

"तू कशाला? ओतेंग ओढील. शाळेत तरी त्यानं काय ओढलं?"

ओतेंग सातवीत नापास होऊन घरी बसला होता. तो मान खाली घालून दाव्याची गाठ सोडत राहिला.

"आपल्या घरातलं कुणी त्या विद्यापीठात जाणार आहे का?" आई म्हणाली.

"नाही. म्हणून तर बैल पाठवतोय."

"म्हणजे बैल शिकणार!" आई म्हणाली आणि घरात निघून गेली.

गावातली पोरं आणि बाप्ये मिळून गुरं लोबात्सेपर्यंत हाकत घेऊन गेले. तिथं ती विकली गेली. बाकीचे परत फिरले. ओतेंग मात्र विटांच्या एका लॉरीवर चढून गॅबोरोनला गेला. बैलाचं काय होतं ते बघून येतो, असा निरोप त्यानं घरी धाडला. गेला तर विद्यापीठाच्या जागी नुसतं काटेरी रान, मधे खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना बांधलेली सुतळी. मुकादमानं विचारलं, "काय बघतोस?" ओतेंग म्हणाला, "काही नाही." मुकादम म्हणाला, "मग विटा उचल."

तो विटा उचलत राहिला. पुढं वाळूच्या लॉरीवर बसला, मग लॉरी चालवायला शिकला, आणि वर्गांत पोरं बसू लागली तेव्हा विद्यापीठाच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून लागला. घरी परत जायचं तसं राहूनच गेलं.

सुरुवातीची वर्षं चांगली होती. आजही कुणी विचारलं तर ओतेंग त्या वर्षांबद्दलच बोलतो, बाकीचं सांगत नाही. विद्यापीठाकडे दोन मोठ्या बस होत्या, एक त्याच्याकडे आणि दुसरी केनोसीकडे. केनोसी म्हणजे जीभ सुटलेला माणूस. कुलगुरूंच्या गाडीला तो 'शववाहिनी' म्हणायचा, कारण ती काळी होती आणि कायम सावकाश जायची. तेव्हा या विनोदावर सगळे मनापासून हसत.

विद्यार्थी ओतेंगला 'मामा' म्हणत. शुक्रवारी दुपारी भूगर्भशास्त्राची पोरं हातोड्या आणि गाद्या घेऊन बसमध्ये चढत, पुढच्या सीटवर त्यांचे शिक्षक डॉक्टर लेकोको बसत, आणि बस उत्तरेला मिठाच्या पठारांकडे निघे. पोरं गात असत. रस्त्यात डॉक्टर अचानक म्हणत, "ओतेंग, थांब थांब!" ओतेंग गाडी थांबवी. डॉक्टर उतरून रस्त्याकडेचा एखादा धोंडा पोरांना दाखवत आणि त्यावर तासभर बोलत. ओतेंग टायरला टेकून ऐके. त्याला त्यातलं फारसं कळत नसे, पण एका दगडापुढं सगळी पोरं अशी गुडघ्यावर बसलेली बघायला त्याला आवडे. आपला तांबडा यासाठी गेला असेल तर ठीकच गेला, असं त्याला वाटे.

त्यानं लग्न केलं, मोगोदित्सानेला दोन खोल्या बांधल्या, मुलगी झाली. तिचं नाव बोइपेलो, म्हणजे अभिमान. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं पुसली जातात आणि मुलाच्या नावानंच त्यांना हाक मारतात. तेव्हापासून बायको 'मा-बोइपेलो' झाली आणि तो 'रा-बोइपेलो'. फक्त केनोसी त्याला ओतेंगच म्हणत राहिला.

मग माणसं मरू लागली.

पहिल्यांदा वसतिगृहाचा एक रखवालदार गेला. जवान माणूस. विद्यापीठानं त्याच्या गावी जायला बस दिली. आमच्याकडे माती शनिवारी पहाटे देतात, म्हणून बस शुक्रवारी संध्याकाळी निघाली. बसमध्ये जागेसाठी भांडणं झाली, इतक्यांना जायचं होतं. प्राध्यापकसुद्धा उभे राहून गेले. त्या गावच्या लोकांनी एवढी मोठी बस बघून म्हटलं, माणूस मोठा होता म्हणायचा. ओतेंगलाही बरं वाटलं. विद्यापीठानं आपल्या माणसाचा मान राखला होता.

काही महिन्यांनी दुसरा गेला. मग ग्रंथालयातली एक, मग लेखा विभागातले दोघं, मग विद्यार्थी. पुढं पुढं शुक्रवार उजाडला की वाहन विभागाच्या मॉइल्वा बाई फक्त गावाचं नाव सांगत. "रा-बोइपेलो, आज सेरोवे." "आज माहालाप्ये." "आज लांब आहे हो, जेवून घ्या." कोण गेलं ते विचारायचं ओतेंगनं सोडून दिलं. गावात पोचल्यावर कळेच.

गावं वेगवेगळी होती, पण तिथं चालायचं ते सारखंच. अंगणात हिरवा तंबू, शाली पांघरून जमिनीवर बसलेल्या बायका, कोट घातलेले बाप्ये. पहाटे कुडकुडत स्मशानात जायचं. पेटी खाली गेली की बाप्यांनी आळीपाळीनं फावडं घ्यायचं. ओतेंगला वाटे आपण ड्रायव्हर, आपण बाजूला थांबावं, पण फावडं फिरत फिरत त्याच्याकडे येई आणि मागं बघावं तर घ्यायला कुणी नसे. हाताला घट्टे पडले ते स्टिअरिंगचे की फावड्याचे, हे त्याला सांगता आलं नसतं. मग परत अंगणात यायचं, कुटलेलं गोमांस आणि मक्याच्या कण्या पुढ्यात यायच्या. प्रत्येक घरी त्यासाठी एक बैल कापलेला असे. पुढं पुढं त्याला ते मांस गिळवेना. तो नुसत्या कण्या खाई.

आणि मेलेला कशानं मेला ते कुणी सांगत नसे. डोकं दुखत होतं म्हणत. छातीत पाणी झालं होतं म्हणत. कुणीतरी करणी केली म्हणत. त्या आजाराचं नाव रेडिओवर दिवसातून दहादा येई, म्हणून लोक त्याला 'रेडिओचा आजार' म्हणत, पण तो नेहमी दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या घरात. आपल्या घरातला माणूस डोकेदुखीनंच जाई.

डॉक्टर लेकोकोंच्या सहली मागं पडत गेल्या. दोन्ही बस शुक्रवारी बाहेर असत. डॉक्टर गॅरेजमध्ये येऊन उभे राहत.

"या शुक्रवारी?"

"या शुक्रवारी पण नाही हो डॉक्टर. कान्येला जायचंय."

"ठीक आहे. दगड कुठं पळून जात नाहीत," डॉक्टर म्हणत, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी स्वतःच कोट घालून बसमध्ये चढत, कारण मेलेला त्यांच्याच ओळखीतला असे.

मग बस रिकामी जाऊ लागली. लोकांना दुःख नव्हतं असं नाही. पण एकाच शनिवारी कुणाची बहीण, कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी. प्रत्येकाला आपापलं स्मशान होतं. ज्या बसमध्ये प्राध्यापक उभे राहून गेले होते, तिच्यात आता पाचसहा माणसं एकेका सीटवर आडवी होऊन झोपलेली असत. ओतेंग एकटा जागा राही.

केनोसी वाळत चालला होता. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडी आणि हसे.

"ओतेंग, माझं इंजिन काढून घेतलंय रे. नुसती बॉडी चालवतोय."

"दवाखान्यात गेलास का?"

"गेलो. म्हणाले, विश्रांती घ्या. मी म्हटलं, शुक्रवार सोडून सांगा." मग हसता हसता तो खोकला, बराच वेळ खोकला, आणि बसच्या पायरीवर बसला. "एक सांगू? माझ्या शुक्रवारी तूच गाडी आण. तो नवा ड्रायव्हर गिअर टाकताना हिसके देतो. मला हिसके नकोत."

"गप रे."

"गप काय. आणशील ना?"

ओतेंगनं आणली. केनोसीच्या गावचा रस्ता खडीचा होता. त्यानं इतकी सावकाश गाडी नेली की मागच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या. तंबूत केनोसीच्या मोठ्या भावानं उठून सांगितलं, की माझ्या भावाला निमोनिया झाला होता. ओतेंग ते ऐकून बाहेर बसमध्ये येऊन बसला. काय माणसं आहेत ही, त्याला वाटलं. पोटच्या पोराचं, पाठच्या भावाचं नाव घेऊन खोटं बोलतात.

पुढच्या सोमवारी मॉइल्वा बाईंनी त्याला बोलावलं.

"रा-बोइपेलो, तुम्हाला टपालाच्या गाडीवर घालते. इथल्या इथं. शनिवार-रविवार घरी."

"मग बस कोण नेईल?"

"बघू. कुणीतरी नेईलच."

"कोण?"

बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. तो नवा ड्रायव्हर दोन शुक्रवारांतच काम सोडून खाणीवर गेला होता. ओतेंग चावी घेऊन उठला.

त्याला वाईट कशाचं वाटे ते सांगतो. त्याला रडू येणं थांबलं होतं. कोवळ्या पोरांना मातीत घालताना त्याच्या मनात एवढंच येई, की गुडघा दुखतोय, बूट ओले झालेत, परतीला पेट्रोलपंपावर गर्दी असेल. मग स्वतःचीच लाज वाटे. आणि ती लाजसुद्धा फार वेळ टिकत नसे, कारण झोप येई. शनिवारी दुपारी घरी येऊन तो कोटासकट खाटेवर पडे. मा-बोइपेलो बूट काढी. "या घरात नवरा आहे की मुक्कामाचा पाव्हणा?" ती म्हणे. तो ऐकायच्या आत झोपलेला असे.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट घडली होती. बोइपेलो विद्यापीठात शिकली. ज्या दिवशी तिचं नाव लागलं त्या दिवशी ओतेंगची आई मोशुपाहून आली. थकली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं. पोरीचा चेहरा चाचपून म्हणाली, "तुझा आजा असता तर मला बोल लावला असता. नसलेला बरा." आणि पुसत राहिली डोळे. शिकून झाल्यावर बोइपेलोला तिथंच ग्रंथालयात काम मिळालं. बापाची बस दारातून निघताना दिसली की ती वरच्या मजल्याच्या खिडकीतून हात करी.

आणि त्या हिवाळ्यात तिला नागीण झाली.

कमरेला एका बाजूनं फोड आले. बरे झाले तर खोकला धरला. मग जेवण तुटलं. मा-बोइपेलोनं तिला प्रार्थनेच्या बाबाकडे नेलं. त्यानं मनगटात निळ्या लोकरीचा दोरा बांधला आणि सांगितलं, ऑफिसात कुणाची तरी नजर आहे. घरात सगळ्यांनी ते मानल्यासारखं केलं. ओतेंग समोर बसून ज्वारीची आंबील पीत असे आणि तिच्या मनगटाकडे बघत असे. दोरा रोज थोडा सैल होत होता. त्याला काय दिसत होतं ते त्याला चांगलं कळत होतं. पण जीभ उचलत नव्हती.

एका शनिवारी कान्येच्या पलीकडच्या एका गावाहून तो परतत होता. ऊन चढलं होतं. मागं माणसं झोपली होती. पुढच्या सीटवर मॉइल्वा बाई शालीत तोंड घालून बसल्या होत्या. ओतेंगला आठवतं ते एवढंच, की रस्ता सरळ होता. मग खडखडाट झाला, काचेवर काटेरी फांद्या आपटल्या, आणि त्यानं ब्रेक दाबला तेव्हा बस रस्त्याच्या खाली, मोरीच्या कठड्याला लागून उभी होती.

"पोचलो?" मॉइल्वा बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही. टायर बघतो जरा."

तो उतरला. कठडा आणि चाक यांच्यामध्ये त्याचा पंजा जेमतेम जात होता. खाली कोरडी नदी, मोठमोठे धोंडे. त्यानं चाकात अडकलेली फांदी ओढून काढली. मग गाडी मागं घेतली, रस्त्यावर आणली. मागच्या कुणालाही कळलं नाही. एका माणसाला माती द्यायला गेलेली ही सगळी माणसं आज मी मातीत घातली असती, एवढं एकच त्याच्या डोक्यात घरी येईपर्यंत चालू होतं.

गॅरेजच्या अंगणात बस लावून तो घरी गेला नाही. तसाच, कोट अंगावर आणि बुटांना स्मशानाची लाल माती, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढला. इतकी वर्षं तो त्या इमारतीसमोरून गाडी नेत होता, पण आत कधी पाय टाकला नव्हता. शनिवारची पाळी बोइपेलोची होती. ती टेबलामागं स्वेटरवर शाल घेऊन बसली होती.

"बाबा! तुम्ही इथं? आईला काही..."

"आई बरी आहे. बाहेर ये जरा. उन्हात बसू."

ती दोघं बसमध्ये येऊन बसली, कारण काचांतून ऊन आत येत होतं आणि वारा लागत नव्हता. ओतेंग आपल्या सीटवर बसला नाही. तिच्या शेजारी, प्रवाशांच्या बाकावर बसला.

"आज गाडी रस्त्याखाली गेली," तो म्हणाला. "मला झोप लागली."

"अग्गबाई! लागलं का कुणाला?"

"नाही."

"मॉइल्वा बाईंना सांगा ना आता. किती दिवस तुम्ही एकटेच..."

"त्यांना सांगायला नाही आलो. तुला सांगायला आलोय." तो थोडा थांबला. "मी कुठकुठल्या अंगणात जाऊन आलो, पोरी. प्रत्येक घरात बाप होता. एकानंही तोंड उघडलं नव्हतं. मी बाहेर गाडीत बसून त्यांना नावं ठेवायचो. आणि हिवाळा लागल्यापासून मी तुझ्यासमोर बसून आंबील पितोय."

बोइपेलोनं मनगट शालीत ओढून घेतलं.

"तुम्हाला काय माहीत आहे?" ती चिडून म्हणाली. "सगळ्यांना सगळं माहीतच असतं. ऑफिसात बघतात, बसमध्ये बघतात. खोकला आला की बाजूची बाई उठून खिडकी उघडते."

"मला काही माहीत नाही. तुला माहीत आहे?"

तिनं शालीखाली मनगटाचा दोरा बोटानं फिरवला.

"नाही," मग ती म्हणाली. "तपासायला दोनदा गेले होते. रांग बघून परत आले. रांगेत सगळे ओळखीचे."

"मग तिसऱ्यांदा जाऊ."

"बाबा, मला भीती वाटते."

"मला पण वाटते. मी पण रक्त देतो. एका बाकावर बसू."

"तुम्हाला कशाला?"

"सोबतीला."

तिला हसू आलं, आणि हसताना ती रडू लागली. ओतेंगनं तिच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटरमधून हाताला हाडं लागली.

"ऐक," तो म्हणाला. "मी सगळ्यांची गाडी चालवली. केनोसीची चालवली. तुझी चालवणार नाही. एवढं सांगून ठेवतो."

सोमवारी ती दोघं सरकारी दवाखान्यात गेली. त्या वर्षी तिथं औषध फुकट मिळू लागलं होतं. रांग व्हरांड्यातून बाहेर, जांभळ्या फुलांच्या झाडाखालपर्यंत आली होती आणि अर्धी रांग विद्यापीठातली होती. सगळे एकमेकांना न बघितल्यासारखं करत होते. एक कारकून वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होता. शेवटच्या बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून एक माणूस बसला होता. ओतेंग जवळ गेला तेव्हा त्यानं टोपी वर केली. डॉक्टर लेकोको.

मग डॉक्टर बाकावर सरकले आणि शेजारच्या जागेवर हातानं धूळ झटकली.

"या, बसा," ते म्हणाले. "रांग हळू आहे."

ती दोघं बसली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी बोइपेलोला विचारलं, ग्रंथालयात नवीन नकाशे आले का. ती म्हणाली, आलेत, पण अजून खोक्यात आहेत. मग दोघं नकाशांबद्दल बोलत राहिले, जणू काही बसस्टॉपवर भेटले आहेत. समोरच्या कारकुनानं वर्तमानपत्र सुलटं केलं.

ओतेंगचं रक्त स्वच्छ निघालं. बोइपेलोचं नाही. नर्स म्हणाली, फार उशीर केलात, पण अगदीच उशीर नाही. घरी आल्यावर ओतेंगनं बायकोला समोर बसवून सांगितलं.

मा-बोइपेलो आधी त्याच्यावरच धावून आली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला तिथं घेऊन जायला? सगळ्यांनी बघितलं असेल! आता गावाला काय सांगायचं?"

"गावाला सोमवारी सांगायचं की एखाद्या शनिवारी, ते तू ठरव."

ती जागच्या जागी बसली. खूप वेळानं उठली, पोरीजवळ गेली, आणि तिच्या मनगटाचा निळा दोरा दातांनी तोडला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचा डबा घेऊन पोरीबरोबर दवाखान्यात तीच जाऊ लागली. रांगेत कुणी तोंड फिरवलं तर मुद्दाम मोठ्यानं म्हणे, "काय हो, बऱ्या आहात ना?"

औषधानं आधी पोर आणखी वाळली. ओकारी, ताप, वाईट स्वप्नं. एकदा तिनं गोळ्या भिंतीवर फेकल्या आणि म्हणाली, त्यापेक्षा बस बरी. ओतेंगनं खाली बसून एकेक गोळी वेचली, पुसली आणि पुढं धरली. पाऊस पडून ज्वारी पोटऱ्यात येईतो ती उठून अंगणात येऊ लागली. पुढच्या हिवाळ्यात कामावर गेली.

डॉक्टर लेकोको वाचले नाहीत. त्यांचा उशीर तिच्यापेक्षा मोठा होता. त्यांचं गाव तुतुमे, उत्तरेला, दिवसभराचा रस्ता. त्या शुक्रवारी बस भरली. त्यांची जुनी पोरं कुठकुठून आली होती, कुणी खाणीवरून, कुणी मंत्रालयातून, आणि जागा नव्हती म्हणून मधल्या वाटेत उभी राहिली. वाटेत कुणीतरी गाणं धरलं, ते सहलीचं होतं, स्मशानाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तंबूत डॉक्टरांची बायको उठली. डोक्याचा रुमाल सारखा करून तिनं आजाराचं नाव घेतलं, सरळ, रेडिओवर घेतात तसं. ओतेंग त्या दिवशी बसमध्ये जाऊन बसला नाही. फावडं हातात आलं तेव्हा त्याला रडू आलं, आणि इतक्या वर्षांनी आलं म्हणून ते लवकर थांबेना. शेजारच्या माणसानं फावडं हळूच काढून घेतलं.

मग शुक्रवार विरळ होत गेले. एकदम नाही. एखादा सुटे, मग पुढचा येई, मग दोन सुटत. एका शुक्रवारी मॉइल्वा बाई म्हणाल्या, "आज कुठं नाही." ओतेंगला कळेना काय करावं. त्यानं बसभोवती एक चक्कर मारली, पाणी बघितलं, हवा बघितली, आणि उजेडातच घरी गेला. मा-बोइपेलो त्याला दारात बघून किंचाळली, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही घरी कसे?"

बोइपेलोनं पुढं लग्न केलं. नवरा माऊनचा शिक्षक, सगळं माहीत असून तयार झालेला. त्यांना मुलगी झाली, तिचं रक्त स्वच्छ आहे. विद्यापीठात नव्या इमारती उठल्या, काचेच्या. ज्या जागी ओतेंगनं खुंट्या आणि सुतळी बघितली होती ती आता त्यालाही दाखवता येत नाही. नव्या पोरांना त्या शुक्रवारांबद्दल ठाऊक नाही. ओतेंगची त्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी त्याबद्दल ऐकावं असं त्याला वाटतही नाही.

निवृत्तीच्या दिवशी वाहन विभागानं त्याच्यासाठी जेवण ठेवलं होतं. कुणीतरी मोठे साहेब बोलले. सेवा, निष्ठा, वक्तशीरपणा असे शब्द त्यांनी वापरले आणि बसऐवजी चुकून टपालाच्या गाडीचा उल्लेख केला. मॉइल्वा बाईंना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी मधेच मोठ्यानं सांगितलं, "बस हो, बस!" सगळे हसले. मग ओतेंगला बोलायला उभं केलं. तो उभा राहिला, समोरच्या माणसांकडे बघितलं, खुर्चीची पाठ धरली.

"मी दमलोय," तो म्हणाला. "जेवण निवतंय. जेवा."

आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं हा विनोद आहे.

जेवून तो फाटकाबाहेर आला. नवा ड्रायव्हर म्हणाला, घरी सोडतो. ओतेंग नको म्हणाला आणि मोगोदित्सानेची मिनीबस धरली. मागच्या कोपऱ्यात, खिडकीशी जागा मिळाली. मिनीबस पहिल्या सिग्नलपर्यंत पोचायच्या आत तो झोपला. त्याचा थांबा गेला, पुढचा गेला, सगळे प्रवासी उतरले. मिनीबस वळून परत शहरात आली, भरली, पुन्हा निघाली. पैसे घेणाऱ्या बाईनं त्याच्याकडे बघितलं, मांडीवरच्या भेटीच्या पुडक्याकडे बघितलं, आणि शेजारी बसायला आलेल्या माणसाला हलक्या आवाजात म्हणाली, "तिकडं सरका जरा. झोपू द्या त्यांना."